शर्यत कुणी सुरू केली

फलकावर ‘शर्यतीचे संस्थापक : मोठे मालक’ असं वाचून लाडकूबाई तांडेल जागीच थबकल्या. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचं चाळिसावं वर्ष होतं. स्वागताला नाचायला लाडकूबाईंसह कोळीवाड्यातल्या बायका बोलावल्या होत्या.

“शर्यत माझ्या बापानं सुरू केली!” त्या मॅनेजरवर कडाडल्या. “बुडणाऱ्या याच मालकाला वाचवताना गेला तो. त्याचं नाव कुठाय?”

“मावशी, आधी नाच उरका, मग बघू.”

समोरच खुर्चीत रिसॉर्टचे मोठे मालक बसले होते. लाडकूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं नजर चुकवली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी फलक उपटून समुद्रात भिरकावला. “चला गं घरी! ज्याला माझ्या बापाचं नाव घेववत नाही, त्याच्यापुढं कशाला नाचायचं?”

एकही बाई मागं राहिली नाही.