धाकटीची शाल

सासूबाईंसाठी मी मऊ लोकरीची, नाजूक जाळीदार शाल विणली होती. नुकत्याच सुया धरायला शिकलेल्या माझ्या धाकट्या जावेने उरल्यासुरल्या लोकरीची दुसरी विणली. दोन टाके सुलट, दोन उलट, या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच.

“शाल आहे की पायपुसणं?” मी म्हणाले. धाकटी खळखळून हसली.

सासूबाईंच्या मांडीवर मात्र सदानकदा तिचीच शाल. माझी उशाशी, घडीसुद्धा न मोडलेली. महिनाभर माझा नुसता जळफळाट झाला. शेवटी विचारलंच, “आई, माझी टोचते का हो?”

“छे गं, लोण्यासारखी आहे.” त्यांची बोटं धाकटीच्या शालीवरून सरकत होती. “पण डोळे गेल्यापासून दिवस सरत नाही बघ. हिचे उंचवटे मोजत बसते. कुठे चुकली ते बोटाला सापडलं, की हसू येतं.”

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आता माझीही नजर गेल्यातच जमा आहे. ती शाल धाकटीने अजून जपून ठेवली आहे, पण तिच्याकडे मागायला माझी जीभ रेटत नाही.