धाकटं इरलं

परसात टोकलेलं काकडीचं बी यंदाच्या पावसानं दोनदा कुजवलं. तिसऱ्यांदा कुठं चार रोपं वर आली, तर पुन्हा आभाळ फाटलं. रोपं झाकायला तानूबाईनं खुंटीवरचं, पावसात डोक्यावरून पांघरायचं मोठं इरलं काढलं आणि ती थबकली. त्याच्या शेजारचं धाकटं इरलं जाग्यावर नव्हतं.

"धुळानं नेलंय. रोपांवरच घालाया नेलं आसंल," चुलीपाशी बसलेली सासू म्हणाली.

तानूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकाच्या इरल्याला कुणी बोट लावायचं नाही, असं तिनं नवऱ्याला, धुळाला, बजावून सांगितलं होतं. त्याला फैलावर घ्यायला ती तशीच पावसात धावली.

रोपं उघडीच होती, चिखलात लोळत होती. धुळा पार बांधाच्या कडेला भिजत बसला होता. गेल्या आठवड्यात दोघांनी लेकाला जिथं माती दिली, तिथंच त्यानं ते इरलं पालथं घातलं होतं.

तानूबाईनं हातातलं मोठं इरलं त्याच्यापुढं धरलं.

"ह्ये घाला," ती म्हणाली. "त्या इरल्यात पोराचं पाय भिजत्यात."