खूण केलेली जागा

सेत्तिमिओ फेकीच्या रेषेशी येऊन उभा राहिला आणि क्लबचं अंगण गप्प झालं. कडेच्या बाकावर बसलेल्या इलेनियानं बाबागाडी हलवायची थांबवली, मग घाबरून पुन्हा हळूहळू हलवायला घेतली. तेओ झोपेत ओठ चोखत होता. उठू नकोस रे राजा, एवढी एक फेक होऊ दे.

सामना बरोबरीत होता आणि हा शेवटचा गोळा. खेळाच्या लांबट पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पिल्लू, म्हणजे सगळ्यांनी आपले गोळे जिच्या जवळ न्यायचे ती लहान गोळी. तिला खेटून पाहुण्या संघाचा हिरवा गोळा बसला होता. तो उडाला तर मागचे गावचे लाल जवळचे ठरणार, आणि सामना गावचा.

"हिरवा मारतो," सेत्तिमिओ म्हणाला. कुठला गोळा मारणार ते आधी सांगायचं असतं. लगेच पाहुण्यांतला एक जण खडू घेऊन वाकला आणि त्यानं एकेका गोळ्याभोवती खुणा केल्या. फेक बाद ठरली तर हललेले गोळे परत जागेवर ठेवतात, पण खूण असेल तरच. बिनखुणेचा गोळा गेला तिथं गेला, त्याला कुणी परत आणत नाही.

हे इलेनियाला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतीवरची नियमांची पाटी तिनं वाचून वाचून पाठ केली होती. दुसरं वाचणार काय? नवरा सोमवारी ट्रक घेऊन जायचा तो शुक्रवारी उगवायचा. जिन्यातल्या बायका मान हलवून दार लावून घ्यायच्या. माणसाचा आवाज कानावर पडायचा तो या अंगणात. तिच्याशी कुणी बोलत नसे, पण तिच्यादेखत तरी बोलत. पाटीचा सगळ्यात तळचा नियम तिला झोपेतही आठवायचा: फेकीच्या वेळी आवाज करणाऱ्या प्रेक्षकाला, फेकणाऱ्यानं तक्रार केल्यास, मोसम संपेपर्यंत फाटकाबाहेर.

सेत्तिमिओ दोन-तीन पावलं धावला. हात मागून पुढं आला.

तेओनं टाहो फोडला.

लाल गोळा हिरव्याच्या बाजूनं निघून गेला आणि मागच्या फळीवर धाडकन आदळला. हिरवा जागचा हललासुद्धा नाही.

गावच्या संघाचा कप्तान उबाल्दो आधी तिच्याकडे वळला. "अहो बाई, हे अंगण आहे की पाळणाघर?" मग सेत्तिमिओकडे. "माग, माग! परत फेक मिळते तुला. बोल की!"

"आम्हीही ऐकलं, आमची हरकत नाही," पाहुण्यांचा कप्तान म्हणाला. "पण मागायचं त्यानं."

इलेनियानं तेओला उचलून त्याचं तोंड खांद्यात दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं ती बाकाखालची पिशवी चाचपत होती. मी जातेच, असं तिला म्हणायचं होतं.

सेत्तिमिओनं रुमालानं हात पुसले. एकेक बोट. "परत कशाची?"

"पोर नाही का रडलं?"

"मला नाही ऐकू आलं."

"अख्ख्या गावाला ऐकू आलं!"

"मग गावानं फेकायचा होता. हात चुकला माझा, उबाल्दो. म्हातारा झालाय तो, त्याला काय करू?"

"आणि बहिरा कधीपासून झालास रे? काल पत्त्यांत माझी कुजबूज बरी ऐकलीस!"

"पत्त्यांचं वेगळं."

पाहुण्यांच्या कप्तानानं खांदे उडवले. "तक्रार नाही तर काहीच नाही," म्हणाला आणि आपले गोळे गोळा करायला लागला.

हरलेल्यांनी पाजायची, ही रीत. सगळे आत क्लबच्या खोलीत गेले. तळलेल्या ऑलिव्हांचा वास आला, पेल्यांचा आवाज आला. उबाल्दोनं दार लोटून घेतलं. सेत्तिमिओला कुणी हाक मारली नाही.

तो ओला पोचारा घेऊन पट्टी पुसत राहिला. खडूच्या खुणा एकेक करून गेल्या. तेओ हुंदके देत देत पुन्हा झोपला. पट्टी संपली तेव्हा सेत्तिमिओ बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. मध्ये दोन माणसांची जागा होती.

"माफ करा," इलेनिया म्हणाली. आज दिवसभरातला तो तिचा पहिला शब्द होता. आवाज घोगरा निघाला.

"कशाबद्दल, पोरी? मी काही ऐकलंच नाही."

थोडा वेळ दोघंही आतला हशा ऐकत बसले. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि बाबागाडीशी वाकला. चारी चाकांभोवती, फरशीवर, एकेक कोपरा आखला. गोळ्यांना करतात तसा, नेमका.

"आता कुणी हलवली," तो म्हणाला, "तर परत इथंच आणून ठेवावी लागेल. नियम आहे."

टोपी घालून तो फाटकाकडे गेला. आतल्या दाराकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

उजेड होता तोवर इलेनिया बसून राहिली. मग तिनं तेओला गाडीत ठेवलं, पिशवी काखोटीला मारली. गाडी तिनं ढकलली नाही, चाकांनी खडू पुसला असता. दोन्ही हातांनी, तेओसकट, खुणांवरून उचलून घेतली. एकटीला ती जड होती.