पंधराचा डबा

“डब्यावर पंधरा लिवलंय. काट्यावर तेरा किलो साडेसहाशे. मधलं तेल गेलं कुठं?” गुणाबाईने सुनेला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रूपाची कपड्यांची पिशवी गल्लीत भिरकावली.

डबा रूपाच्या नवऱ्याने सकाळीच आणलेला, त्यातला थेंबही अजून कढईत पडला नव्हता. लोडशेडिंगमुळे लूम बंद होते, त्यामुळे गुणाबाईच्या बिस्सीत जेवणारे सगळे कामगार दारातच बसलेले. सून तेल चोरून माहेरी पोचवते, हे त्या सगळ्यांच्या कानावर पडलं. लूमवाल्यांच्या खानावळीत बोललेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या भिवंडीत होतं. पिशवी उचलून रूपा दिघाशीला, माहेरी निघून गेली.

“रूपानं तेलाला हात लावला न्हाय,” तिचा नवरा जीवन आईवर ओरडला. “कुणाचीबी शपथ घालून विचार.”

“बायकोचा पुळका आलाय,” गुणाबाई म्हणाली.

जीवन तणतणत केसरीनाथच्या दुकानात गेला. बिस्सीचं तेल तिथूनच यायचं. सगळं ऐकून केसरीनाथला हसूच आलं.

“अरे, डब्यावर पंधरा लिटर आहे, किलो नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेल भरतं नऊशे दहा ग्रॅम. कर गुणाकार.”

त्याने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. आकडा आला तेरा किलो सहाशे पन्नास. घरच्या काट्यावर होता तोच.

जीवनचं डोकं फिरलं. दोन अक्षरं नीट न वाचता आईने एका बाईच्या अब्रूचे धिंडवडे काढले होते. त्याने तिथल्या तिथे नवा डबा घेतला, नेहमीसारखं टोपण उघडून वास घेतला आणि गाडीवर टाकून घरी आणला. बिस्सीत पीठ मोजायचा काटा होता, त्याच्यावर त्याने तो आदळला.

तेरा किलो सहाशे पन्नास.

“बघ नीट. आता तर रूपा घरात पण न्हाय. ह्याच्यातलं कुणी चोरलं? लिटर वेगळा, किलो वेगळा. चारचौघांत चोर म्हणालीस, आता चारचौघांत माफी माग.”

गुणाबाई तोंडाची फाटकी होती, पण खोटी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती स्वतः दिघाशीला गेली आणि सुनेला दारापर्यंत घेऊन आली. सगळ्या कामगारांसमोर तिने हात जोडले.

“चुकले गं बाय. माझं अडाणीपण.”

रूपा उंबऱ्याबाहेरच थांबली. तिचा राग काही हात जोडण्याने उतरणारा नव्हता. सख्ख्या भावाने सुद्धा तिला विचारलं होतं, खरंच घेतलं नाहीस ना.

“माझ्यासमोर मोजा,” ती म्हणाली. “त्याशिवाय मी आत येणार न्हाय.”

“मोजलंय की मी,” जीवन म्हणाला. “आता कशाला? चल आत, जेवून घे.”

“तुम्ही डब्यासकट मोजलंत. नुसतं तेल कुठं मोजलंत?”

कुणाला काही कळेना. रूपाने कालचा नवा, न वापरलेला डबा पुढे ओढला, तेल मोठ्या पातेल्यात ओतलं, थेंब थांबेपर्यंत डबा उपडा धरला आणि रिकामा काट्यावर ठेवला.

नऊशे दहा ग्रॅम.

गुणाबाईला हिशोब कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती तांबडीलाल झाली. नुसता पत्रा लिटरभर तेलाइतका भरत होता. म्हणजे आत चौदाच लिटर तेल होतं, तेही सून माहेरी असताना आलेल्या डब्यात.

“माझ्या लक्ष्मीसारख्या सुनेला मी चोर म्हणाले, न् चोर तो केसरीनाथ,” तिने पदर खोचला. “गाडी काढ रे जीवन. आज भर बाजारात त्याची गचांडी धरते.”

जीवन जागचा हलला नाही. दुकानातून डबे आणणारा तोच होता, टोपण उघडणाराही तोच.

“जाऊ दे ना आये,” रूपाकडे न बघता तो म्हणाला. “एका लिटरनं काय होतंय.”