दुसऱ्या डब्याची फाइल

"दोन वर्षांपूर्वीच्या उपचारात तुझी एकही आठवण पुसलेली नाही, आई," आठवणींच्या फोल्डरमधली यादी पडद्यावर दाखवत श्रीरंग म्हणाला.

"मग रोज सकाळी माझे हात दोन डबे का भरतात? डबा नेणारा तर तू एकटाच." मृणालिनीबाईंनी कॉलेजात तीस वर्षं संगणक शिकवला होता. त्यांनी कीबोर्ड पुढ्यात घेतला आणि लपवलेल्या फाइलीही दाखवणारी कमांड टाइप केली.

यादीत एक नाव वाढलं. ईशान.

"माझा धाकटा भाऊ," श्रीरंग पुटपुटला. "तो गेल्यावर तू अन्न सोडलंस, म्हणून मीच डॉक्टरांना त्याची आठवण लपवायला सांगितलं. उघडू नकोस, आई."

मृणालिनीबाईंनी खुर्ची ओढून त्याला शेजारी बसवलं.

"दोन वर्षं तू एकटाच त्याला आठवत राहिलास. आता पुरे," म्हणत त्यांनी फाइल उघडली.