मेंढीची विचारपूस

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून वळसंगच्या येडूच्या पिंढऱ्या रात्रंदिवस ठणकत होत्या. बसवत नव्हतं, निजवत नव्हतं. मेंढरांमागं चालणाऱ्याचे पाय गेले म्हणजे कळप बाजारात गेलाच. दोनदा तो सोलापूरला डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टरनं मोबाईलमधनं मान वर न काढता सांगितलं, "वय झालं, बाबा. गोळी चालू ठेवा." येडू गोचिडाच्या जहरी औषधात कोपरापर्यंत उघडे हात बुडवून मेंढरं धुतो. तू काय काम करतोस, एवढं विचारायला त्या डॉक्टरच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

परवा एक मेंढी लंगडायला लागली. जनावरांचा डॉक्टर फटफटीवरून आला आणि मातीतच मांडी घालून बसला.

"हिला आधी काय दिलंय, मामा? गोचिडाचं औषध कधी लावलं? किती पाण्यात कालवलं?"

"एवढं कशाला इचारताय, सायब? सुई मारा की."

"न विचारता कशी मारू? आधीचं औषध अंगात असलं आणि वरनं माझं गेलं, तर कधी कधी दोन्ही मिळून जनावराला नडतात."

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मगच सुई भरली.



येडूनं मेंढीला सोडलं, मुंडाशातनं आपल्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्याच जागेवर पाय पसरून बसला. "हिचं झालं. आता मला इचारा."