हिरवा दिवा

"ताई, आतली चिप गेलीय," लेकीच्या कानाचं मशीन उघडून दुरुस्तीवाला म्हणाला. "ती बनते एका बड्या देशात, आणि दुसऱ्या बड्या देशानं ती इकडे यायची वाटच बंद केलीय. दोघांची कट्टी आहे म्हणा ना. बट्टी झाली की मागवू."

"अहो, पण हिरवा दिवा लागतोय की!"

"दिव्याला काय जातंय लागायला? आवाज नाही यायचा."

सवय मोडायला नको म्हणून आईनं मशीन पुन्हा लेकीच्या कानावर चढवलं. घरी येईपर्यंत ती घसा फोडून तिच्याशी बोलत राहिली. सहा वर्षांची लेक टकामका तिच्या ओठांकडे बघत होती.

घरात शिरताच लेक आरशासमोर गेली. केस बाजूला करून तिनं कानावरचा दिवा नीट पाहिला. लागलेला होता. मग ती हळूच येऊन आईला बिलगली.



"आई, नुसते ओठ नको ना हलवू. सकाळी कप मी मुद्दाम नव्हता फोडला. बट्टी कर ना."